तोंड कुणीकडं होतं

पोचलं.

आमच्या ग्रुपवर हा एवढाच शब्द लिहायचा असतो. गुड मॉर्निंग नाही, वाढदिवस नाही, फुलं नाहीत. ग्रुपचं नाव 'बिबट सावध'. वारूळवाडीच्या शिवारातली आमची वस्ती आणि आजूबाजूचे मळे, मिळून एकशे चौदा माणसं. ॲडमिन मी, तेजस्विनी. कुणाला बिबट्या दिसला की तीन गोष्टी लिहायच्या: कुठं, किती वाजता, तोंड कुणीकडं होतं. तोंड सगळ्यात महत्त्वाचं. जिकडं तोंड तिकडच्या लोकांनी पोरं आत घ्यायची, शेरडं आत घ्यायची. वाचलं की 'पोचलं' लिहायचं. ज्याचं 'पोचलं' येत नाही त्याच्या दारात जाऊन कुणीतरी हाक मारतं.

आणि फोन चालत नसेल, लाईट नसेल, तर थाळी. थाळी वाजली की बिबट्या. लग्नात नाही, बारशाला नाही, आमच्या वस्तीवर थाळी दुसऱ्या कशालाही वाजत नाही.

तीन वर्षांत मी एकदाही चुकीचं लिहिलं नाही. रानमांजर बघून बिबट्या लिहिणारे आहेत. मी नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना माझी—

नको. मंगळवारपासून सुरू करते.

*

मंगळवार, सकाळचे अकरा. कांडप मशीन चालू, हातांना मनगटापर्यंत मिरची. मी मसाला करून विकते. मशीन घेतलं तेव्हा बँकेनं क्रेडिट कार्ड दिलं, माझ्या नावाचं. वस्तीवरच्या बायकांत पहिलं. आदेश, माझा नवरा, तेव्हापासून मला 'कार्डवाल्या बाई' म्हणतो.

फोन वाजला. शिनोलीच्या बयाबाईंचा मेसेज. त्या तिकडचा बिबट्याचा ग्रुप बघतात, आम्ही एकमेकींना खबर देतो. आज खबर नव्हती, फाईल होती. 'बिबट लाईव्ह नकाशा'. बिबट्या आत्ता कुठं आहे ते थेट दिसेल, नोंदणी एक रुपया.

दोनच दिवसांपूर्वी पलीकडच्या मळ्यात ऊसतोड सुरू झाली होती. ऊस तुटला की बिबट्या बाहेर पडतो. कुठल्या बांधावर निघेल सांगता येत नाही. आणि इथं एक रुपयात नकाशा.

हात मिरचीचे, म्हणून बोटाच्या मागच्या पेरानं दाबत गेले. परवानगी द्या. होय. मेसेज वाचू द्या. होय. संपर्क वाचू द्या. होय, बाबा, होय. डोळ्याला हात लागला, डोळा पेटला. एका डोळ्यानं कार्डाचा नंबर टाकला. पाठीमागचे तीन आकडे टाकले.

नकाशा आला नाही. गोल गोल फिरत राहिलं. मी फोन खाली ठेवला आणि डोळ्यावर पाणी मारायला गेले.

परत आले तर फोन तव्यासारखा तापलेला.

ग्रुपवर नवा मेसेज. पाठवणार: मी.

मी काही पाठवलं नव्हतं.

फाईल. तीच. 'बिबट लाईव्ह नकाशा'. खाली—

पोचलं.

पोचलं.

पोचलं.

मेसेज पुसायला गेले, बोट लागेना. स्क्रीन आपोआप सरकत होती, माझ्या हातात असून माझं ऐकत नव्हती. तेवढ्यात फोन आला. इब्राहिमभाईंचा. फाट्यावर त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, तेही ग्रुपवर आहेत.

"वहिनी, चित्ता कवापासून आला आपल्याकडं?"

"काय?"

"तुमी फाईल पाठवली ना, तिच्यावरचं चित्र चित्त्याचं हाय. आन् तोंड कुणीकडं ते लिवलंच न्हाई. तुमी आन् तोंड लिवत न्हाई, आसं व्हईल का? मी उघडली न्हाई. तुमी उघडली?"

"उघडली," मी म्हणाले.

"वहिनी, सिम काढा. आदी सिम. मी आलोच."

बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, टोक भोकात घातलं. पिन दोनदा निसटली. सिम बाहेर आलं. मिरचीनं लाल झालेलं.

*

शेजारच्या साळुबाईंकडं बटणांचा फोन आहे. मी कार्ड घेऊन पळाले. कार्ड गॅसच्या पुस्तकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं. साळुबाई ओसरीत वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"मावशी, फोन द्या. माझ्या कार्डातनं चोरी व्हतीय."

"आगं बया. कुटं ठिवलं व्हतंस?"

"कपाटात."

"मग कपाट फोडलं का काय?"

"नाही हो. फोनातनं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मिरची माझ्या डोक्यात गेलीय. पण कमरेचा फोन काढून दिला.

कार्डाच्या पाठीवरचा नंबर. तोच लावायचा, नेटवर शोधायचा नाही, हे बँकेत भिंतीवर लिहिलंय. तेवढं बरं आठवलं. बाकीचंही त्याच भिंतीवर लिहिलं होतं.

मराठीसाठी तीन दाबा.

तीन.

कार्ड हरवल्यास किंवा फसवणूक झाल्यास एक दाबा.

एक.

आमचे सर्व प्रतिनिधी सध्या—

पेटीचं संगीत.

इब्राहिमभाई मोटरसायकल उभी न करता, अशीच भिंतीला टेकवून आले. हाताला काळं ऑईल. त्यांचा फोन माझ्यापुढं धरला.

"बघा. मी लिवलं, खोटं हाय, उघडू नका. आन् हे काय म्हनत्यात बघा."

वस्तीवरच्या थोरल्या सावळारामतात्यांनी लिहिलं होतं: 'तेजूनं पाठवलंय. तिचं खोटं निघत नाय. मी उघडतोय.'

त्याच्याखाली सतरा जणांचं पोचलं. मी मोजत होते तोवर अठरा.

ती फाईल कुणा परक्यानं पाठवली असती तर चार जणांनीसुद्धा उघडली नसती. माझ्या नावावर उघडत होते. तीन वर्षं मी जे जमवलं होतं तेच चोरानं आधी उचललं, कार्ड नंतर. ग्रुपवर लिहायला माझ्याकडं फोन नव्हता, आणि इब्राहिमभाईंचं कुणी ऐकत नव्हतं.

"तात्यांना फोन लावा."

"लावला. उचलत न्हाईत. नकाशा उघडत आसत्याल."

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाईनवर राहा.

लाईनवर राहिले तर माझे पैसे वाचतील. तात्यांचं घर दोनशे पावलं. बाकीची घरं चहूकडं पांगलेली. कुणाकुणाच्या दारात पळू?

माझी नजर साळुबाईंच्या मांडणीवर गेली. पितळी थाळी.

त्यांनी माझी नजर ओळखली.

"तेजू. न्हाई हां. थाळी न्हाई."

"मावशी, हा फोन धरा. कुणी बोललं तर थांब म्हणा."

"आगं त्या थाळीवर मानसं काठ्या घिऊन येत्यात! खोटी वाजली तर पुन्यांदा कोन येनार?"

मला माहीत होतं. ग्रुपचे नियम मीच लिहिलेत. पहिला नियम तोच.

थाळी उचलली, उलथनं घेतलं, अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि वाजवली.

*

दारं उघडली. माणसं बाहेर. काठ्या, कोयते, एकाच्या हातात फटाक्यांची माळ. बायकांनी पोरं ओढून आत टाकली आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. ऊस खुरपणाऱ्या दोघी, बिबट्यानं मान धरू नये म्हणून गळ्यात घातलेले खिळ्यांचे पट्टे सावरत, बांधावरून धावत आल्या.

"कुटंय?"

"तोंड कुणीकडं?"

"तेजू, आगं बोल!"

मी थाळी खाली केली.

"बिबट्या नाही," मी म्हणाले. "माझ्या नावानं आलेली फाईल उघडू नका. ती मी पाठवली नाही. मी फसले. ज्यांनी उघडली त्यांनी सिम काढा. कार्डाचा नंबर टाकू नका."

काठ्या हळूहळू खाली आल्या.

मागून साळुबाईंचा आवाज, फोनात: "थांब रं बाबा! ती थाळी वाजवतीय! आरं थाळी, थाळी! न्हाई, मी न्हाई ती. मी साळुबाई!"

सावळारामतात्या पुढं आले. उजव्या हातात काठी. डाव्या हातात बँकेचं कार्ड.

"चष्मा सापडंना म्हनून थांबलो व्हतो," ते म्हणाले. कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील.

"वाचलो म्हन की. पन तू थाळी वाजवली, तेजू."

"तात्या, दुसरा इलाज नव्हता."

"आसंल. पन वाजवली." कार्ड खिशात घातलं. "उद्या कुनी वाजवली तर मी आदी इचार करनार, बाहीर पडू का चष्मा हुडकू. त्या इचारात कुनाचं पोर जाईल."

गेले. पाठोपाठ बाकीचे. फटाकेवाला म्हणाला, "राव, माळ पेटवली आसती तर भरून दिली आसती का ॲडमिननं?" कुणीतरी हसलं. ते हसू मला थाळीपेक्षा मोठ्यानं ऐकू आलं.

*

फोनवरचा बँकेचा मुलगा म्हणाला, मॅडम, कार्ड बंद केलंय. एक खरेदी अकरा वाजून आठला झाली. दुसरी आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, परदेशी साईटवर, तिथं ओटीपी लागत नाही.

दोन मिनिटांपूर्वी मी अंगणात होते.

मग १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. तिथं सगळं पहिल्यापासून सांगितलं. तक्रारीचा नंबर साळुबाईंच्या कॅलेंडरवर लिहिला, एकादशीच्या चौकटीत, कारण हाताला दुसरं काही लागलं नाही. शिनोलीला बयाबाईंना फोन केला. त्या रडत होत्या. त्यांना कुणी पाठवली विचारलं तर म्हणाल्या, माझ्या भावाच्या नंबरवरनं आली. भावाला कुणी पाठवली, कुणास ठाऊक.

दुपारी साळुबाईंच्याच फोनवर आदेशचा फोन आला, नारायणगावच्या बाजारातून. गाडीत टोमॅटो भरत होता.

"तूच मला सांगत व्हतीस ना, ओटीपी कुनाला द्यायचा नाय म्हनून?"

"मी दिला नाही. त्यांनी घेतला. मेसेज वाचायला मीच होय म्हटलं होतं."

कॅरेट आपटल्याचे आवाज येत होते.

"पैशाचं बघू," तो म्हणाला. "तक्रार वेळेत केलीस, मिळंल काय तरी. जेवलीस का?"

'कार्डवाल्या बाई' म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

*

संध्याकाळी इब्राहिमभाईंनी फोनातलं सगळं पुसून फोन परत दिला. मी ग्रुपवर लिहिलं: 'फोन दुरुस्त झाला आहे. ही मीच आहे.'

एकशे चौदापैकी कुणीही काही लिहिलं नाही.

बुधवार. काही नाही.

गुरुवारी एकानं लिहिलं, पाटाच्या पुलाजवळ ठसे. मी 'पोचलं' लिहिलं. माझ्या 'पोचलं'नंतर सगळे थांबले. मीच नको तिथं बोलल्यासारखं.

कुणी वाईट बोलत नव्हतं. चहाला बोलावलं तर येत होते, मसाला घेत होते. पण बायका फोन बघताना माझं नाव आलं की अंगठा वर धरून थांबायच्या. मी पाहिलंय. स्क्रीनला लागू न देता, अधांतरी.

ॲडमिनपद सोडावं म्हटलं. सोडून द्यायचं कुणाला? तात्यांना?

शनिवार—

*

शनिवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. उजेड होता. मी जांभळीखाली, बांधावर, वाळत घातलेलं पोतं उचलायला वाकले आणि वास आला.

मान वर केली.

तो. तुटलेल्या उसाच्या कडेला. बसलेला. वीसेक हातांवर.

वाकायचं नाही, पळायचं नाही, पाठ करायची नाही. दुसरा नियम, मीच लिहिलेला. सरळ उभी राहिले. घर माझ्या मागं साठ पावलं. पुढच्या बांधापलीकडं तात्यांचा गोठा, आणि अंगणात त्यांची नात इंद्रायणी दोरीवरच्या उड्या मारत होती. तिचं मोजणं मला ऐकू येत होतं. बावीस, तेवीस.

फोन हातात होता. खाली न बघता, अंगठ्यानं लिहिलं:

'६.१० जांभळीचा बांध. तोंड माझ्याकडं.'

पाठवलं.

चोवीस. पंचवीस.

काही नाही.

एक पाऊल मागं. तो उठला. त्याची शेपटी हलली, फक्त टोक.

काही नाही. बघत असतील. अंगठे वर धरून. बाई पुन्हा फसली म्हणत असतील. ओरडावं तर तो—

फोन थरथरला. मेसेज नव्हता. कॉल. तात्या.

कानाला लावला.

"तेजू. तूच हायस ना?"

"मीच," मी कुजबुजले.

"बोल पुन्यांदा."

"मीच, तात्या. इंद्रायणी अंगणात आहे."

"तोंड कुणीकडं?"

"माझ्याकडं."

फोन बंद झाला.

सव्वीस. सत्तावीस. मग दोरी पडल्याचा आवाज, दार आपटल्याचा आवाज, आणि मग तात्यांच्या अंगणातून थाळी.

एकच. मंगळवारनंतरची पहिली. एकटीच वाजत राहिली, किती वेळ मला सांगता यायचं नाही. दुसरं कुणीच वाजवत नव्हतं.

मग साळुबाईंची पितळी. तिचा आवाज मी कुठंही ओळखेन.

मग तिसरी, पाचवी, पत्र्याचा डबा, फटाक्यांची माळ, "हुर्र" करत येणारी माणसं, मला न दिसणारी, पाठीमागून.

त्यानं माझ्यावरून नजर काढली. सावकाश वळला.

मी अंगठ्यानं लिहिलं:

'तोंड पाटाकडं.'