नक्षत्रबाबांची फुंकर

बाबा सांगतील त्या सांजेला अख्खं गाव शाळेच्या मैदानात माना वर करून उभं राहायचं. आर्वीजवळचंच गाव. पश्चिमेकडून एक ठळक तारा निघायचा, सरसर डोक्यावर चढायचा. नक्षत्रबाबा बोट रोखायचे, गाल फुगवून फुंकर मारायचे, आणि तारा विझायचा. भर आभाळात! बाया हमसून रडायच्या.

"जो तारा बुझाता है, वो बीमारी भी बुझाता है!" बाबा गर्जायचे.

हे ऐकून आचलच्या आत्यानं, अनुसयाबाईनं, फिटच्या गोळ्या बंद केल्या. परवा ती चुलीपाशीच कोसळली, हात भाजला. वर म्हणते, "रोग जाता जाता झटका देऊन राह्यला, बेटा."

आचल कॉलेजात नुकतीच खगोलशास्त्र शिकू लागली होती. आत्याचा फोडांनी भरलेला हात पाहून तिच्या डोक्यात तिडीक गेली. त्या संध्याकाळी ती गर्दी फोडत थेट बाबांपुढे उभी राहिली. तारा वर चढत होता.

"बाबा, आत्ता फुंका."

"मुहूर्त आने दे, बेटी."

"तारा तुमचा, फुंकर तुमची. मंग काऊन थांबले?"

कुणीतरी हसलं. सरपंच भैय्याजी वैतागून म्हणाले, "फुंका ना बाबा, पोरीचं तोंड तरी बंद होईल."

बाबांनी फुंकलं. तारा तसाच. पुन्हा फुंकलं, थुंकी उडाली. तारा झगझगीत.

"इस पापिन की नजर लगी!" बाबा ताऱ्याकडे पाठ करून आचलवर ओरडू लागले. तेवढ्यात तारा तांबूस झाला, मंदावला, विझला.

कुणीच फुंकलं नव्हतं.

"तो तारा नाई," आचल सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माणसानं बांधलेलं अंतराळस्थानक हाय, माणसं राह्यतात त्यात. आपल्याकडे सूर्य बुडला तरी तितक्या उंचावर ऊन असते, त्या उन्हानं ते चमकते. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसत नाई. कवा, कुठून जाईल ते मोबाईलवर आधीच समजते. बाबा ते पाहून तुम्हाले बोलावते, अन् मंदावलं की गाल फुगवते."

"देवी कोपन तुमच्यावर!" बाबांचा चेला किंचाळला.

"कोपू दे!" आचल म्हणाली.

अनुसयाबाई पहिल्या रांगेतून पुढं आली. "मंग माह्या रोगाचं?"

"त्याले औषध हाय, आत्या. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ."

आत्या बाबांकडे न पाहता तिच्याजवळ येऊन उभी राहिली. आचल गर्दीकडे वळली.

"यापुढं कोणी चमत्कार दाखवला, त हात जोडायच्या आधी त्याले एवढंच म्हणा: मी सांगतो तवा करून दाखव."