भांडारबाईची तालीम

"या घरात मालक ते कपाट, आणि मी त्याचा भाडेकरू," असं ड्रायव्हर चारचौघांत सांगायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. जिन्याखालचं ते कपाट त्याच्या बायकोचं. आत शिरायचं तर कंबरेत वाकावं लागायचं, आणि एकदा शिरलं की तांदूळ, डाळ, मीठ, साखर, मेणबत्त्या, कंदील, सुतळी, कापूस, रेडिओचे सेल, विचाराल ते हजर. बिचारा दिवसभर बस चालवून घरी यायचा, जरा पाय पसरायचा, तर पायाला साबणाचा खोका लागायचा. मग तो करवादायचा, "अगं, दुकान थाटायचंय का?"

"तहान लागल्यावर विहीर खणायला तुम्ही जा," ती आतूनच म्हणायची. "मी नाही यायची."

गल्लीने तिचं नाव भांडारबाई ठेवलं होतं. बायका तोंडावर हसायच्या, माघारी तर हसायच्याच. मग एका वर्षी नदीचं पाणी पुलावरून गेलं, बाजार बंद पडला, दुधाची गाडीसुद्धा पलीकडेच अडकली, आणि हसणाऱ्यांचे दात घशात गेले. सगळी गल्ली डबे-वाट्या घेऊन तिच्या दारात. तिने कुणाला टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाली, "डबा परत देताना धुऊन द्या."

पण नुसतं साठवून स्वस्थ बसेल तर ती भांडारबाई कसली! तिची तालीम असायची. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी, कुणाला ताकास तूर लागू न देता, ती दाराजवळचा मेन स्विच खाली ओढायची आणि ओरडायची, "गेली!" की घरात काळोख गुडूप. मग ज्याने त्याने आपलं काम करायचं. लेकीकडे काड्यापेटी आणि कंदील. ड्रायव्हरकडे बादल्या, कारण पंप बंद पडला की वरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. आणि बॅटरी लावायची नाही, हे तर बजावून सांगितलेलं. "हाताला डोळे असतात," ती म्हणायची. कपाटातल्या एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. अंधारात ती वाचणार कोण? मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन, चहाच्या डब्याचं झाकण मुद्दाम चेपलेलं, आणि काड्यापेट्यांच्या बरणीच्या गळ्याला चिंधी.

लेकीला तो खेळ वाटायचा. काळोखात आईच्या मागे मागे, भिंतीला हात लावत ती चिंधी शोधायची, सापडली की आनंदाने किंचाळायची. कंदील लागला की तिघं त्याच्याभोवती बसून चहा-बिस्किटं खायची, आणि आई स्वतःच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, ज्या उजेडात कधी सांगत नसे. ड्रायव्हर मात्र प्रत्येक वेळी कुरकुरायचा. पेपर अर्धा राहिला, पाय दुखतात, हे काय खूळ! तीन हाका मारल्याशिवाय तो बादलीला हात लावायचा नाही. घोडं मोठं हट्टी होतं.

आता तेच घोडं म्हातारं होऊन त्या दिवसांच्या आठवणी चघळत बसलेलं असायचं. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. आणि भांडारबाईचं भांडार आतून रिकामं होऊ लागलं. कपाटातलं नव्हे, डोक्यातलं. आधी नावं गेली, मग वार गेले. दुकानात गेली की ती फक्त मीठ आणायची. आज मीठ, उद्या मीठ. लेक म्हणाली, "बाबा, घराचं मिठागर झालंय," आणि दोघं हसले.

मग आठवणीतली माणसं गेली. शेजारीण गेली, लेक गेली, आणि एका सकाळी ड्रायव्हरने चहाचा कप पुढे केला तेव्हा ती संकोचून म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास, दादा. आमचे हे ड्युटीवरून आले की मी निघतेच."

दादा! जिच्याशी उभा जन्म संसार केला, तिने दादा म्हणावं! ड्रायव्हर मोरीत जाऊन उगाचच भांडी घासत बसला. तेव्हापासून त्याचं सगळं मागणं एवढंच उरलं होतं, की तिने एकदा त्याला 'अहो' म्हणावं. बाकी काही नको. औषधांनी ते आलं नाही, जुने फोटो दाखवूनही नाही. फोटोतल्या तरण्या ड्रायव्हरला ती बरोबर ओळखायची. समोरच्या म्हाताऱ्याला नाही.

पडद्याजवळ तिने पेटती मेणबत्ती ठेवलेली सापडली, तेव्हा लेक हादरली. तिने कपाटाला कुलूप घातलं, ते उघडणार नाही असा बापाकडून शब्द घेतला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. जाताना म्हणाली, "बाबा, आईसारख्यांना ठेवून घेतात ती शहराबाहेरची जागा मी बघून आले. स्वच्छ आहे, चोवीस तास माणसं असतात. तुमचेही नाकी नऊ आलेत, मला दिसत नाही का? पुढच्या रविवारी येते. तेव्हा हो की नाही ते सांगा."

ती काही वाईट बोलत नव्हती. म्हणूनच तर त्याला तिच्याशी भांडता येईना. आठवडाभर तो 'हो' तोंडात घोळवत राहिला. शनिवारपर्यंत तो शब्द जवळजवळ ओठांवर आला होता.

शनिवारी दुपारपासून वारा सुटला. दिवेलागणीला कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि सगळ्या गल्लीची लाइट गेली. खरीखुरी.

"गेली!" खुर्चीतून आवाज आला.

ड्रायव्हर जागच्या जागी थिजला. तो आवाज त्याने कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. घाईघाईने त्याने मोबाइलची बॅटरी लावली.

"तो उजेड बंद करा आधी! डोळे दिपले की मग काही दिसत नाही." ती उठली होती. जिला दिवसा मोरी सापडत नव्हती, ती काळोखात टेबलाला वळसा घालून सरळ जिन्याखाली गेली. मग कुलूप खडखडलं. "हे कुणी लावलं? खुळी की काय माणसं! वेळ काय सांगून येते?"

किल्ली त्याच्या खिशात होती. पडद्याजवळची ती मेणबत्ती त्याच्या डोळ्यांपुढे आली. लेकीला दिलेला शब्द आठवला. तो नुसताच उभा राहिला.

"अहो, ऐकू येत नाही का? किल्ली द्या, आणि बादल्या भरायला लागा. टाकी संपली म्हणजे माझ्याच नावाने खडे फोडाल."

अहो.

त्याने कुलूप कसं काढलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मोरीत जाऊन त्याने नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं. जन्मात पहिल्यांदा तो एका हाकेत बादल्या भरत होता. बादल्या भरल्या, घागर भरली, शेवटी तर त्याने कपडे भिजवायचा टबसुद्धा भरून टाकला. तिकडे तिचे हात डब्यांवरून फिरत होते. मिठाच्या पिशव्यांच्या ढिगातून तिने दोन रबरांचा डबा बरोबर ओढून काढला, चेपलेलं झाकण चाचपलं. कंदील पुसला, पेटवला, वात खाली केली, आणि विझलेली काडी पाण्याच्या वाटीत टाकली, पूर्वी टाकायची तशी. बादल्या भरून तो तिच्या हाताशी येऊन उभा राहिला, पण मदतीला जागाच नव्हती.

मग दोघं कंदिलापाशी चहा घेत बसले. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"मिशी किती पांढरी झाली हो तुमची! ड्युटी झेपत नाही का आता?"

"झेपते की," तो म्हणाला.

"मग सकाळची घ्या. संध्याकाळी घरी असता तेव्हा मला बरं वाटतं. कुरकुरता, पण असता." आणि ती स्वतःशीच हसली. "मला काय ठाऊक नाही होय, पहिली हाक तुम्हाला ऐकू येते ते?"

चोरी पकडली गेली होती, आणि पकडलं गेल्याचा इतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता. ती बोलत राहिली. पुराच्या वेळच्या त्या रांगेबद्दल, लेकीच्या किंचाळण्याबद्दल, स्वतःच्या माहेरी एकदा घरात काहीच नसताना पाहुणे आले होते त्याबद्दल. म्हणूनच आपण साठवतो, म्हणाली, आईचं तेव्हाचं तोंड विसरवत नाही. इतक्या वर्षांत हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि हा पठ्ठ्या पेपरच्या काळजीत होता?

तेवढ्यात फ्रीज घुरघुरला आणि दिवे लागले. तिने डोळे किलकिले केले. खोली बघितली, त्याला बघितलं, आणि कप हळूच खाली ठेवला.

"चला, दादा," ती म्हणाली. "आमचे हे येतील इतक्यात."

रविवारी लेक आली ती दिवेलागणीला. गल्लीत घरोघर दिवे होते, समोरच्या खिडकीत टीव्ही चालू होता, आणि आपलंच घर तेवढं काळोखात. धावतच तिने दार ढकललं. आत, दाराजवळच, बाप उभा होता. त्याचा हात मेन स्विचवर होता.

"बाबा?" ती पुटपुटली. "सगळीकडे लाइट आहे. तुम्ही बंद केलीत?"

"अळीमिळी गुपचिळी," ड्रायव्हर कुजबुजला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"म्हणजे काय? आणि आई कुठाय?"

"दारात कोण ते?" आतून आवाज आला. खणखणीत. "चपला वाटेत काढू नकोस गं, काळोखात कुणीतरी पडेल. आणि काड्यापेटी कुठे अडकली? तुझं काम आहे ते. दर वेळी सांगायला हवं का या पोरीला?"

लेकीच्या हातातली पिशवी खाली घसरली. आईने तिला 'ताई, कुणाकडे आलात' असं विचारायला लागून वर्ष होत आलं होतं. तिने चपला कडेला काढल्या. भिंतीला हात लावत लावत ती जिन्याखाली गेली, कपाटाच्या उघड्या दारातून आत वाकली, आणि तिच्या बोटांना चिंधी लागली. किंचाळायचं तिने कसंबसं आवरलं.

परत आली तेव्हा बरणी तिने उराशी धरली होती.

"पण बाबा, दिवसा?" तिने विचारलं.

"दिवसा मी दादा. चालेल मला."

"आणि त्या जागेची माणसं उद्या फोन करणार आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"सांग, आमच्याकडे लाइट गेलीय," ड्रायव्हर म्हणाला. "कधी येईल, काही सांगता येत नाही."

"अहो!" आतून हाक आली.

"आलो, आलो," तो म्हणाला आणि बादल्या भरायला गेला.