आंबट वास कुणाचा?

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, जाड तपकिरी काड्यांचा. रेवसचे मोरू तांडेल होडी हाकायचे, तेव्हा तीस वर्षं मी त्यांच्या नाकावर बसलो. खाऱ्या वाऱ्यात होडीचे खिळे गंजले, फळ्या कुजल्या, मला मात्र काही झालं नाही. “पलास्टिक हाय, माझ्या मागं पन राहील,” ते म्हणायचे. मलाही ते खरं वाटलं.

ते गेल्यावर मी गावच्या छोट्या संग्रहालयात आलो. बंद काचपेटीत शेजारी त्यांचं पितळी होकायंत्र होतं. वेणूबाई रोज काच पुसायच्या आणि जाताना हात जोडायच्या. कुणाला, ते मला कधी कळलं नाही.

मग पेटीत आंबट वास कोंदू लागला. होकायंत्रावर हिरवी भुकटी धरली. हे कुठून आलं, मला उमजेना.

एका सोमवारी संग्रहालय सांभाळणाऱ्या हर्षद सरांनी पेटी उघडली आणि नाक मुरडलं. “वेणूबाई, लोणच्याच्या हातानं पितळ धरलंत ना? असंच करायचं तर उद्यापासून येऊ नका.”

“सर, आज माझा सोमवार हाय. सकाळपासून चहा पन न्हाय घेतला. लोणचं कुठलं?” त्यांनी दोन्ही तळवे सरांपुढे धरले.

सरांनी अलिबागहून रुचिकाताईंना बोलावलं. त्या जुन्या वस्तूंची तब्येत बघतात. त्यांनी माझ्याजवळ कागदाची निळी पट्टी ठेवली, आंबट वाफ लागली की रंग बदलणारी. दोन दिवसांत ती पिवळी पडली.

“वास चष्म्याचा आहे,” त्या म्हणाल्या. “हे प्लास्टिक आतून विरतंय. बंद पेटीत त्याची आंबट वाफ साठते आणि पितळ खाते.”

म्हणजे मीच? मी तर सोबत्याला बोटही लावलं नव्हतं!

सर ओशाळले. “बाई, चुकलं माझं.”

“मग आता चष्म्याला सांगा, उद्यापासून येऊ नको म्हणून,” वेणूबाई हळूच म्हणाल्या. मग थांबून, “पन टाकू नका हो त्याला.”

आता मी गार खोलीत, भोकाभोकांच्या खोक्यात एकटा असतो. ही शिक्षा की औषधपाणी, अजून कळत नाही. मित्रांनो, आम्हा प्लास्टिकच्या वस्तूंना काही होत नाही असं धरून चालू नका. अधूनमधून झाकण उघडून आमचा वास घ्या. आणि कुणावर बोट ठेवण्याआधी थोडं थांबा.

वेणूबाई रोज सकाळी, उपासाच्या दिवशीसुद्धा, खोकं उघडून वाकतात. “आज कसं वाटतंय, बाबा?”

मला सांगता येत नाही. मग वेणूबाई माझ्याजवळच्या पट्टीचा रंग बघतात.