आधी सहीच का?

अणदूरच्या साक्षरता वर्गात दुपारी आठ बायका जमायच्या. महेश्वरी मॅडम प्रत्येकीला वेगळं शिकवायच्या. शांताक्काला एसटीच्या पाट्या वाचायच्या होत्या, तिला गावांची नावं. राजेश्वरीचं किराणा दुकान, तिला पुड्यांवरची अक्षरं. पासष्टीच्या नागूबाईला मात्र मॅडमनी पहिल्याच दिवशी तिचं नाव गिरवायला दिलं. म्हणाल्या, "आक्का, आपण आधी सही शिकू."

नागूबाईला ते खटकलं. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं आणि मुलाचं, विरेशचं नाव लागलं होतं. आणि तिला या वर्गात आणून बसवलं होतं ते विरेशनंच. सगळ्यांना वाचायला, आपल्यालाच सही? जमिनीच्या कागदावर घ्यायला तर नव्हं?

आठ दिवस तिनं मुद्दाम वेडंवाकडं गिरवलं. मॅडम एकदाही चिडल्या नाहीत, त्यानं तर तिचा संशय पक्काच झाला.

नवव्या दिवशी बाकीच्या गेल्यावर तिनं थेट विचारलं, "मला सही शिकवा म्हणून विरेशनं सांगितलं का तुमाला?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "म्हणाला, बँकेत अंगठा लावायला आई लाजती."

"म्या? कदी लाजले म्या?"

मॅडम म्हणाल्या, "चुकलं माझं, आक्का. बाकीच्यांचं त्यांनाच विचारलं. तुमचं मात्र मुलाला विचारलं. सांगा, तुम्हाला काय वाचायचंय?"

दुसऱ्या दिवशी नागूबाईनं पदराखालून सातबारा काढला. मॅडम बोट ठेवणार, तोच ती म्हणाली, "दावू नका. म्या हुडकते."

पाटीवरच्या नावाशी एकेक अक्षर ताडत ती एका ओळीवर थांबली. "ह्ये माझं न्हाय. गू चं शेपूट उलटं वळलंय."

"तुमचंच आहे. तलाठ्यानं दीर्घ गू ऐवजी ऱ्हस्व गु लिहिलाय, इतकंच."

तिला पटेना. कागद घेऊन ती पेन्शनीत निघालेल्या चन्नबसप्पा गुरुजींकडं गेली. त्यांनीही तेच वाचलं, तेव्हा कुठं वर्गात परत येऊन ती मॅडमच्या शेजारी सरकून बसली.

तीन महिन्यांत गट नंबर, क्षेत्र, विहीर, सगळं तिला वाचता यायला लागलं, सहीसुद्धा वळणदार यायला लागली. एके दिवशी जेवताना विरेशनं विचारलं, "आई, जमती का गं आता सही?"

"न्हाय बाबा," नागूबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.