नोहाचा डावा हात

"नोहा डावखुरा होता, हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय रे, तिबो?"

धर्मगुरू रेनिएबाबा मान मागे टाकून वर बघत होते. नव्या कॅथेड्रलची ही पहिलीच खिडकी. काल बसवली आणि आज सकाळच्या उन्हात नुसती झळकत होती. प्रलयाचं निळं पाणी, तांबडी नौका, जमीन शोधायला झरोक्यातून कबूतर सोडणारा नोहा आणि त्याला खेटून उभी त्याची बायको. कबूतर मात्र नोहाच्या डाव्या हातावर होतं.

पेरोनेल तिबोच्या शेजारीच उभी होती. काचकाम तिच्या नवऱ्याचं, तिबोचं. पण भट्टीच्या धुराने त्याचे डोळे सुजले, तेव्हा ज्यावरून काचा कापायच्या, त्या चुना फासलेल्या फळीवर हे चित्र तिनेच काढलं होतं. दार लावून, डाव्या हाताने. कबूतर कुठल्या हाताने सोडायचं हा प्रश्नच तिला पडला नाही. कोंबड्यांना ती ज्या हाताने दाणे टाकायची, तोच हात नोहाला मिळाला. लहानपणी आईने तो हात पाठीशी बांधला होता. लग्नानंतर तो चमच्याकडे वळला की सासूबाई, एरसाँ, पळी उगारायच्या. चारचौघांत ती उजव्या हाताने सूप प्यायची आणि निम्मं अंगावर सांडायची.

"चूक माझी, बाबा. चित्र मीच काढलं," तिबो म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लालबुंद झाले.

"मग उतरव आणि फोडून टाक! देवाचा माणूस आणि डावा हात? बाकीच्या खिडक्या तुझ्याकडे ठेवायच्या की नाही, तेही बघावं लागेल."

पेरोनेलला राहवेना. "बाबा, त्याचा उजवा हात रिकामा नव्हता."

"म्हणजे?"

"झरोक्याखाली बायकोचा हात धरलाय त्यानं. इतके दिवस नुसतं पाणी बघून बिचारी धास्तावलेली. सोडला असता, तर कबुतराआधी तीच उडाली असती."

"अगं, पण दिसत तर नाही!"

"नवराबायकोचं सगळं दिसायलाच कशाला पाहिजे, बाबा?"

वर परांचीवर बसलेला गवंडी खो खो हसत सुटला. रेनिएबाबांनी चेहरा कडक ठेवायची शिकस्त केली, पण पोट ऐकेना.

"राहू दे," ते डोळे पुसत म्हणाले. "पण तिबो, पुढच्या खिडकीत मोशेला तरी काठी उजव्या हातात दे."

दुपारी तिबोच्या घरी शेजारीपाजारी जमले. घेवड्याचं सूप, डुकराचं खारं मांस, वाइन, सगळी चैन. गवंड्याने नोहाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. पेरोनेलने उजव्या हाताने चमचा उचलला, तोच शेजारी बसलेल्या तिबोने टेबलाखाली तो हात ओढून धरला. ती सोडवायला गेली, तर पठ्ठ्या सोडेना. सूप निवायला लागलं. शेवटी तिने डाव्या हाताने चमचा घेतला.

"शोभतं का हे, सूनबाई?" एरसाँ गरजल्या. "चांगला उजवा हात असताना?"

"तो रिकामा नाहीये, आई," तिबो म्हणाला.

सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. एरसाँनी वाकून टेबलाखाली पाहिलं. मग पावाचा तुकडा तोडला आणि सुनेच्या डाव्या बाजूला ठेवला.

पेरोनेलने आणखी एक वाटी सूप मागून घेतलं. अंगावर एक थेंबही सांडला नव्हता.