मेंढ्याच्या अंगावरचं जाकीट

शारशेनबेक निवडणुकीला उभा राहिला आणि त्याने आधी काय केलं, तर राजधानी बिश्केकहून बुलेटप्रूफ जाकीट आणलं. उमुतकानने नवऱ्याला खालून वर न्याहाळलं.

"तुला मत द्यायला कुणी घराबाहेर पडत नाही. गोळी घालायला कोण एवढा डोंगर चढून येणार?"

"तुला नाही कळायचं. आत घट्ट विणीचे थरावर थर आहेत. पिस्तुलाची बारकी गोळी त्यांत अडकून चपटी होते, तिचा जोर पसरतो आणि माणूस वाचतो."

"मग राहू दे अंगात, आणि पिस्तूल दे इकडे."

शारशेनबेकला एकदम घरचा मेंढा आठवला. जाकीट मेंढ्याच्या बरगड्यांवर आवळून त्याने गावासमक्ष गोळी झाडली. ती आत गेलीच नाही, बटणासारखी चपटी होऊन थरांत बसली. मेंढा मात्र आडवा झाला तो उठेना. जीव जाण्याआधी गावातल्या वडीलधाऱ्या तोक्तोसून आजोबांनी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, नाहीतर एवढं मांस हराम झालं असतं.

मांस शिजल्यावर ज्याच्या त्याच्या मानाचा तुकडा वाटायचं कामही आजोबांचंच. शारशेनबेक जाकीट चढवून ऐटीत जेवायला बसला होता. आजोबांनी काळीनिळी पडलेली बरगडी नेमकी त्याच्यापुढे ठेवली.

"आजोबा, मग यंदा मत कुणाला?" उमुतकानने विचारलं.

"गोळीसमोर उभा राहिला त्यालाच दिलं असतं, पोरी," हाड चोखत आजोबा म्हणाले. "पण त्याला तर आपण खाऊन बसलो."