काकूंचं वेगळं

हेमचंद्रांनी दोघांचे पासपोर्ट एकावर एक ठेवून यामिनीपुढे सरकवले आणि दोघांचं एकदमच उरकून टाक म्हणाले. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. नोकरीबरोबर त्यांचा आणि बायकोचा, रेखाचा, आरोग्य विमाही संपणार होता, म्हणून दोघं मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत आले होते. यामिनी तिथे मेडिकेअरबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, लोकांना फुकट सल्ला द्यायची.

"मेडिकेअरमध्ये फॅमिली प्लॅन नसतो, काका. तुमचं तुमचं, काकूंचं काकूंचं."

हेमचंद्रांना हे काही पटेना. लग्न झाल्यापासून बँक काय, विमा काय, मतं काय, सगळं दोघांचं एकच, म्हणजे त्यांचं! त्यांनी ऐटीत सांगून टाकलं, की आम्ही कायमचे नागपूरला चाललो. डॉक्टरांच्या खर्चाचा तो पार्ट बी तिकडे चालतच नाही, मग हप्ते कशाला भरा? नागपूरला चाललो हे ते वर्षानुवर्षं प्रत्येक पार्टीत सांगत आणि शेजारी बसून रेखा मान डोलवी. लोकांना वाटे, काय जोडी आहे.

आज मात्र तिला राहवेना. आपलं वेगळं असतं म्हणजे नेमकं कसं असतं? तिने खुर्ची पुढे ओढली. आता नाही घेतला आणि पुढे परत यावंसं वाटलं तर? दंड बसतो, यामिनी म्हणाली, आणि तो बहुधा जन्मभर दर हप्त्यात भरावा लागतो. कार्ड कुणाच्या नावावर येतं? तुमच्याच. सही? तीही तुमचीच, काकू. एवढं काय खोदून विचारतेस, हेमचंद्र पुटपुटले.

पन्नाशीत रेखा इथे गाडी चालवायला शिकली होती, मैत्रिणी जोडल्या होत्या. नागपुरात आता हाक मारायला कोण होतं?

"यांनी नाही घेतला आणि मी एकटीने घेतला, तर चालतो?"

"चालतो ना. पण तुम्ही इथे राहणार असाल तरच उपयोग."

"राहायचंय मला."

यामिनीचा हात कीबोर्डवर थांबला. हेमचंद्र बायकोकडे वळले.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही आधीच सगळ्यांना सांगून मोकळे झाला होतात."

त्यांनी आपला पासपोर्ट उचलून परत घेतला. मग यामिनीकडे वळले.

"हिचं आधी कर," ते म्हणाले. "माझं जरा थांबू दे."